गॉगमागॉग: पाच जण, तीन गाणी, एकही गिग नाही (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा विषय निघाला की कोणीतरी हळूच गॉगमागॉग हे नाव काढतं आणि मग दहा जण विचारतात की हे काय प्रकरण आहे, खरंच असा बँड होता का. होता. मला या पाच माणसांबद्दल खूप वाटतं, म्हणून जे पक्कं माहीत आहे ते सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

गॉगमागॉग म्हणजे नक्की काय?

१९८५ साली इंग्लंडमध्ये जमवलेला हेवी मेटल सुपरग्रुप. सुपरग्रुप म्हणजे ज्यातले सगळे जण आधीच दुसऱ्या मोठ्या बँडमधून नाव कमावून आलेले असतात. या पाच जणांनी मिळून तीन गाण्यांची एक ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड, काढली, तिचं नाव 'आय विल बी देअर', फूड फॉर थॉट या रेकॉर्ड लेबलवर आली, आणि संपलं. अल्बम नाही, टूर नाही, दुसरी ईपी नाही.

बँडमध्ये कोण कोण होतं?

गायला पॉल डिॲनो, म्हणजे मेडनच्या पहिल्या दोन अल्बमवर ज्याचा आवाज आहे तोच. ड्रम्सवर क्लाइव्ह बर, मेडनच्या पहिल्या तीन अल्बमचा ड्रमर. गिटारवर दोघं, एक पीट विलिस, डेफ लेपर्डच्या संस्थापकांपैकी, आणि दुसरा यानिक गर्स, जो तोपर्यंत व्हाइट स्पिरिट आणि गिलन या बँड्समध्ये वाजवून झाला होता. बेसवर व्हाइटस्नेकचा नील मरे.

आता ही नावं परत एकदा वाचा. १९८५ मध्ये ब्रिटिश मेटल ऐकणाऱ्या कुठल्याही पोराला ही लिस्ट दाखवली असती तर त्याने खिशातले पैसे काढून आधी रेकॉर्ड घेतली असती आणि मग विचारलं असतं की वाजते कशी.

नील मरे हा मेडनचा गिटारिस्ट डेव्ह मरे याचा भाऊ का?

नाही. फक्त आडनाव सारखं. नील स्कॉटलंडचा, एडिनबराचा.

आणि जॅनिक की यानिक?

यानिक. वडील पोलिश होते, तो स्वतः हार्टलपूलचा, ईशान्य इंग्लंडमधला. आपल्याकडे स्पेलिंग बघून सगळे जॅनिक म्हणतात, मीही कित्येक वर्षं तेच म्हणायचो.

हे असलं विचित्र नाव कुठून आलं?

गॉगमागॉग हा ब्रिटनच्या जुन्या दंतकथांमधला राक्षस. बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉनमथ नावाच्या माणसाने ब्रिटनच्या राजांचा इतिहास म्हणून जे पुस्तक लिहिलं त्यात ही गोष्ट आहे, कॉरिनियस नावाचा वीर या राक्षसाशी कुस्ती खेळतो आणि त्याला उचलून कड्यावरून समुद्रात फेकतो. पुढे लोकांनी या एकाचे दोन केले, गॉग आणि मेगॉग, आणि ते दोघं लंडनचे राखणदार झाले. लंडनच्या गिल्डहॉलमध्ये त्यांचे मोठे लाकडी पुतळे होते, ते १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाले आणि १९५३ मध्ये नवीन बसवले गेले. म्हणजे आपल्याकडे वेशीवर म्हसोबा असतो ना, साधारण तसं. मेटल बँडला नाव म्हणून हे एकदम भारी आहे, यात वादच नाही.

ही कल्पना कोणाची?

बँडमधल्या कोणाचीच नाही, आणि माझ्या मते खरी अडचण इथूनच सुरू होते. सगळं जमवलं ते जोनाथन किंगने. हा माणूस पॉपवाला. १९६५ मध्ये स्वतःचं गाणं हिट करून आला, मग निर्माता झाला, जेनेसिस या बँडला नाव त्यानेच दिलं आणि त्यांचा पहिला अल्बमही त्यानेच केला, १० सीसी हा बँड त्याच्याच लेबलवर पुढे आला, टीव्ही रेडिओवर सतत दिसायचा. कुठलं गाणं चालेल याचं नाक त्याला होतं. पण तो मेटलच्या जगातला नव्हता, त्या पबमध्ये, त्या व्हॅनमध्ये, त्या घामात तो कधी नव्हता.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. २००१ मध्ये अल्पवयीन मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात इंग्लंडच्या कोर्टाने किंगला दोषी ठरवून ७ वर्षांची शिक्षा दिली. त्याच्याबद्दल लिहिताना हे गाळून पुढे जाणं मला पटत नाही.

आधी म्हणे दुसरेच लोक ठरले होते?

हो, किंगच्या मनात सुरुवातीला याहून मोठी नावं होती, व्हाइटस्नेकचा डेव्हिड कव्हरडेल, ड्रमर कोझी पॉवेल, द हूचा बेसिस्ट जॉन एन्टविसल. ते जमलं नाही आणि मग आत्ताची मंडळी आली. पण यावरून विचार करण्याची पद्धत कळते बघा. आधी ड्रमर आणि बेसिस्टचं जमतंय का, कोणाला कोणाबरोबर वाजवायला आवडतं, असा हिशोब नव्हताच. पोस्टरवर कुठली नावं छापता येतील असा हिशोब होता. लग्नाच्या पत्रिकेत पाहुण्यांची नावं आधी छापून घ्यायची आणि मग नवरा नवरी शोधायला निघायचं, तसं झालं हे.

पाचातले तिघं मेडनचे, मग हे मेडनचंच फुटलेलं पिल्लू का?

नाही. १९८५ मध्ये तिघं नव्हते, दोघंच होते. डिॲनो १९८१ मध्ये बाहेर पडला होता, बर १९८२ च्या शेवटी. यानिक मेडनमध्ये गेला तो १९९० मध्ये, म्हणजे गॉगमागॉगनंतर पाच वर्षांनी. आज मागे वळून बघताना ते तिघं एकाच रेकॉर्डवर दिसतात म्हणून मेडनचे कलेक्टर ही ईपी शोधत फिरतात, पण तेव्हा असं काही कोणाच्या डोक्यात असण्याचा प्रश्नच नव्हता.

ईपीत आहे काय? ऐकण्यासारखी आहे का?

तीन गाणी आहेत, दुसऱ्याच्या तर नावातच शिवी आहे. गाणी बँडने लिहिलेली नाहीत, ती आली किंग आणि रस बॅलर्ड यांच्याकडून. रस बॅलर्ड म्हणजे आर्जंट बँडमधला, आणि त्याची गाणी घेऊन रेनबो या बँडने १९७९ आणि १९८१ मध्ये मोठे हिट दिले होते, म्हणजे माणूस कच्चा अजिबात नाही. पण रेनबोची गोष्ट वेगळी, तिथे गिटारिस्ट रिची ब्लॅकमोर बसला होता, तो बाहेरचं गाणं घ्यायचा आणि स्वतःचं करून टाकायचा. इथे तसं करणारा कोणी नव्हता.

मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा खरं सांगतो, हिरमोड झाला. मला मेडनच्या किलर्स अल्बमसारखं काहीतरी हवं होतं, रस्त्यावरचं, थोडं घाणेरडं, धावणारं. आणि कानावर आलं ते कोरसवर भर देणारं सरळसोट रॉक, शब्द अगदीच हलके, आणि त्या शब्दांवर बँडमधले लोकही खूश नव्हते. पण नंतर दोन तीनदा ऐकल्यावर काय होतं की गाणं बाजूला पडतं आणि माणसं ऐकू यायला लागतात. डिॲनोचा तो खरखरीत गळा, आणि खाली मरेचा बेस, जो कधी आरडाओरडा करत नाही पण काढून घेतला तर सगळं कोसळेल असा. म्हणून माझं उत्तर, हो ऐका, पण हरवलेला खजिना सापडणार अशा आशेने नको, चांगली माणसं चुकीच्या गाण्यात कशी वाजवतात ते ऐकायला ऐका.

लाइव्ह कधी वाजवलं का?

नाही. एकही शो नाही.

मग हे इतक्या लवकर का बंद पडलं?

याचं एका ओळीत उत्तर म्हणजे ईपी चालली नाही आणि सगळे आपापल्या वाटेने गेले. पण मला वाटतं १९८५ हे साल नीट बघितल्याशिवाय ते कळत नाही.

न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल हे नाव १९७९ मध्ये साउंड्स या संगीत साप्ताहिकातून आलं. त्या लाटेत शेकडो पोरांचे बँड निघाले, कारखान्यांच्या गावातून, पबच्या मागच्या खोल्यांमधून, स्वतःच्या पैशाने सिंगल छापून. डिॲनो, बर, विलिस, यानिक हे चौघं त्याच लाटेतले. नील मरे थोडा आधीच्या पिढीचा, १९५० चा जन्म. पण १९८५ पर्यंत ती लाट ओसरली होती. जे वर गेले ते इतके वर गेले की दिसेनासे झाले, मेडन वर्षभर जगभर फिरत होता, डेफ लेपर्ड अमेरिकेत स्टेडियमवाला झाला होता. आणि खाली नवीन पोरं आली होती, मेटालिका, स्लेयर, अँथ्रॅक्स, ज्यांच्यासमोर कोरसवालं पॉलिश रॉक म्हणजे घरचे म्हणतात म्हणून ऐकायचं गाणं. मग गॉगमागॉग कोणासाठी होता? पॉपवाल्यांना ही नावं माहीत नव्हती आणि मेटलवाल्यांना ही गाणी नको होती. मधल्या मध्ये लटकला.

दुसरी गोष्ट, आणि मला हीच जास्त लागते. यातल्या तिघांकडे बघा. डिॲनो मेडनमधून गेला आणि पुढच्याच अल्बमने, १९८२ च्या द नंबर ऑफ द बीस्टने, ब्रिटनमध्ये एक नंबर गाठला. तो अल्बम बरने वाजवला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी तो बाहेर, म्हणजे शिखरावर पाऊल ठेवलं आणि खाली उतरवला. विलिसला डेफ लेपर्डने जुलै १९८२ मध्ये काढलं, दारूमुळे, पायरोमेनिया या अल्बमचं रेकॉर्डिंग चालू असताना, आणि तो अल्बम एकट्या अमेरिकेत एक कोटीच्या वर विकला गेला. त्यावर विलिसच्या रिदम गिटार आहेत, गाणी लिहिण्यात त्याचं नाव आहे, पण स्टेजवर त्याच्या जागी फिल कॉलन उभा होता. विलिस तेव्हा फक्त २२ वर्षांचा होता हो.

म्हणजे स्टुडिओत हे लोक शिरले तेव्हा तिघांच्या मनावर एकेक ताजी जखम होती, जग आपल्याशिवाय पुढे गेलं आणि चांगलंच पुढे गेलं याची. अशा माणसांना गरज असते ती एकत्र बसून, भांडून, स्वतःचं काहीतरी लिहिण्याची. त्यांच्या हातात दिली दुसऱ्याची तयार गाणी.

पण नील मरे तर तेव्हा व्हाइटस्नेकमध्येच होता ना?

बरोबर, त्याची गोष्ट उलटी आहे, आणि शेवट मात्र तोच. जानेवारी १९८५ मध्ये तो ब्राझीलच्या रॉक इन रिओ महोत्सवात व्हाइटस्नेकबरोबर वाजवत होता. ती जागा मुळात डेफ लेपर्डची, पण त्यांच्या ड्रमरला, रिक ॲलनला, १९८४ च्या शेवटच्या दिवशी अपघातात हात गमवावा लागला म्हणून व्हाइटस्नेकला बोलावलं. पहिल्या रात्री त्याच स्टेजवर मेडन आणि क्वीन होते. एवढ्या समुद्रासारख्या गर्दीसमोर वाजवून आलेला माणूस त्याच वर्षी गॉगमागॉगच्या तीन गाण्यांवर बेस वाजवतो, हे डोळ्यासमोर आणून बघा. नंतर व्हाइटस्नेकच्या १९८७ च्या अल्बमवर बेस त्यानेच वाजवला, तो अमेरिकेत दोन नंबरपर्यंत गेला, आणि व्हिडिओत दिसतो दुसराच बेसिस्ट, रूडी सार्झो, कारण अल्बम बाहेर यायच्या आधीच मरे बाहेर होता.

क्लाइव्ह बरबद्दल एवढं का बोलता सगळे?

कारण त्याला मिळायला हवं होतं तेवढं मिळालं नाही. मेडनच्या रन टू द हिल्स या गाण्याची सुरुवात ऐका, गिटार यायच्या आधी नुसते ड्रम्स, आणि त्या काही सेकंदात गाणं काय आहे ते कळून जातं. आपल्याकडे ढोलपथकात एखादा टोल असा पडतो की पुढे काय येणार ते पोटात आधी समजतं, तसं. त्याचे हात जोरात तर होतेच पण त्यात एक उडी होती, लवचिकपणा होता. निको मॅकब्रेन त्याच्यानंतर आला आणि तो महान ड्रमर आहे, पण ती उडी परत कुठे ऐकू आली नाही मला.

गंमत म्हणजे निको आला तो ट्रस्ट या फ्रेंच बँडमध्ये वाजवून, आणि बर मेडनमधून निघून काही काळ त्याच ट्रस्टमध्ये गेला. खुर्च्यांची अदलाबदल. नंतर तो बऱ्याच बँडमध्ये फिरला, ट्विस्टेड सिस्टरच्या डी स्नायडरबरोबर डेस्परॅडो नावाचा बँड होता, तर त्यांचा अल्बम तयार असून कंपनीने रिलीजच केला नाही. माणसाच्या वाट्याला काय काय यावं.

पुढे त्याला मल्टिपल स्क्लेरॉसिस झाला. मज्जातंतूंचा आजार, शरीर हळूहळू ऐकेनासं होतं, आणि ड्रमरला हा आजार म्हणजे काय ते सांगायला नको. २००२ मध्ये मेडनने लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीत त्याच्यासाठी सलग तीन रात्री शो केले. १९८२ मध्ये काहीही झालेलं असो, वीस वर्षांनी ते उभे राहिले, हे मला फार मोठं वाटतं. १२ मार्च २०१३ ला तो गेला, वय ५६.

बाकीच्यांचं पुढे काय झालं?

डिॲनोने बॅटलझोन काढला, मग किलर्स नावाचा बँड, जगभर गात राहिला. शेवटची वर्षं गुडघ्यांच्या दुखण्याने व्हीलचेअरवर होता, ऑपरेशनसाठी चाहत्यांनी पैसे गोळा केले, क्रोएशियात उपचार झाले, आणि २०२२ मध्ये झाग्रेबला तो व्हीलचेअरवर बसून परत गायला. त्याच सुमारास तिथेच मेडनचा संस्थापक बेसिस्ट स्टीव्ह हॅरिस त्याला भेटला. २१ ऑक्टोबर २०२४ ला सॉल्झबरीत वारला, ६६ वर्षांचा होता.

विलिसने नंतर रोडहाउस नावाचा बँड केला आणि मग संगीतच सोडलं. २०१९ मध्ये डेफ लेपर्डला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा त्याचंही नाव त्यात होतं, तो समारंभाला आला नाही. मला त्याचं काही चुकलं असं वाटत नाही.

मरे ब्लॅक सबाथमध्ये गेला, क्वीनच्या ब्रायन मेबरोबर वाजवलं, थोडा काळ व्हाऊ वाऊ या जपानी बँडमध्येही होता. काम कधी थांबलं नाही त्याचं.

आणि यानिक, ज्याला १९८५ मध्ये या पाचात सगळ्यात कमी लोक ओळखत असतील, तोच सगळ्यात पुढे गेला. डिॲनोनंतर मेडनचा गायक झालेल्या ब्रूस डिकिन्सनच्या पहिल्या सोलो अल्बमवर वाजवलं, मग १९९० मध्ये गिटारिस्ट ॲड्रियन स्मिथच्या जागी मेडन. १९९९ मध्ये स्मिथ परत आला तेव्हा यानिकला जावं लागेल असं कोणालाही वाटलं असतं, पण त्यांनी तीन गिटारिस्ट ठेवले.

आपल्याकडे याचा काही संबंध?

एवढाच, की गॉगमागॉगमधला एक माणूस मुंबईत वाजवून गेलाय. १ फेब्रुवारी २००८, बांद्रा कुर्ला कॉम्प्लेक्स, मेडनच्या त्या वर्ल्ड टूरचा पहिलाच शो आपल्याकडे झाला, बँडचं स्वतःचं विमान घेऊन आले होते. मी होतो तिथे, डोंबिवलीहून मामेभावाबरोबर आलेलो, धुळीने नाक भरलेलं आणि सगळ्यांच्या अंगावर काळे टीशर्ट. टूर ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांची, म्हणजे बहुतेक गाणी यानिक बँडमध्ये यायच्या आधीची, तरी पठ्ठ्या गिटार हवेत फेकत, पाय ॲम्पवर टाकत असा नाचत होता जणू ती त्याचीच आहेत. माझा मामेभाऊ कानात ओरडला, हा तो तिसरा कोण रे? तेव्हा गॉगमागॉग सांगायला वेळ नव्हता, परतीच्या लोकलमध्ये सांगितलं.

त्याच काळात असे दुसरे सुपरग्रुप होते का?

एक सांगतो, स्टॉर्मट्रूपर्स ऑफ डेथ. तेही १९८५. अँथ्रॅक्सचे स्कॉट इयन आणि चार्ली बेनान्टे, त्यांचा जुना बेसिस्ट डॅन लिल्कर, आणि गायला बिली मिलानो. मित्र मित्र जमले, तीन दिवसात अल्बम उरकला, आणि तो आजही थ्रॅश, हार्डकोअर असलं वेगवान संगीत आवडणारे ऐकतात. त्यातले शब्द मला बऱ्याच ठिकाणी अजिबात पटत नाहीत, पण बँड म्हणून ते चौघं एकत्र श्वास घेतात, दोन मिनिटात कळतं.

ऐकायचं असेल तर कुठून सुरू करू?

ईपीवरून नको. आधी मेडनचा किलर्स ऐका, डिॲनो आणि बर दोघं पूर्ण भरात आहेत. मग डेफ लेपर्डचा १९८१ चा हाय अँड ड्राय, विलिससाठी. मग गिलनचा १९८२ चा मॅजिक, यानिकसाठी. मरेसाठी व्हाइटस्नेकचा १९८० चा रेडी अँड विलिंग, हेडफोन लावून आणि फक्त बेसवर कान ठेवून. या चारांना निदान आठवडा द्या. मग एखाद्या रात्री घर शांत झाल्यावर आय विल बी देअर लावा, तीनच गाणी आहेत, आणि डिॲनो गायला लागला की थोडा वेळ त्याच्याकडे दुर्लक्ष करून मागे ड्रम्सवर कोण बसलंय ते ऐका.